काकांना विचारलंस का?

अरे,

मनोरुग्णालयाच्या ज्या वॉर्डात तू स्वतःच्या आजाराच्या अनुभवावर पेशंटना सोबत करायचं काम करतोस, तिथल्या काकांबद्दलचा तुझा रात्रीचा मेसेज वाचला, मग परत एकदा वाचला. सिस्टर काय म्हणाल्या ते त्यात आहे, सोशल वर्कर मॅडमचं मत आहे, काकांच्या मुलाचा फोन आहे, तुझी आई "तू कशाला पडतोस यात" म्हणाली तेसुद्धा आहे. काकांना काय पाहिजे ते मात्र कुठेच नाही. गोळी गालात धरतो आणि बाथरूममध्ये जाऊन थुंकतो हे काकांनी फक्त तुला सांगितलं, आणि त्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या की तुझं ऐकतात ते, जरा समजाव गोळ्यांचं. आता तुला कळेना की तू नक्की कुणाचा, काकांचा की वॉर्डाचा. अवघडच आहे, तुझ्या वयात माझी तर बोलतीच बंद झाली असती. पण सगळ्या गावाला विचारून झालं तुझं. काकांना विचारलंस का?

"का घेत नाही" असं नको विचारू. ते त्यांना रोज सगळेच विचारतात आणि उत्तर कुणालाच नको असतं. गोळी घेतल्यावर काय होतं ते विचार. लाळ गळते का, सकाळी उठवत नाही का, पाय एका जागी ठरत नाहीत का, संडासला होत नाही का, की रांगेत उभं राहून तोंड उघडून दाखवायची नुसती लाज वाटते. तू स्वतः घेतल्यायत असल्या गोळ्या, तुला माहितीय हे किती खरं असतं आणि राउंडच्या दोन मिनिटांत ते सांगणं किती जमत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर डॉक्टरांकडे उपाय असतो, डोस कमी करतात, वेळ बदलतात, कधी गोळीच बदलतात. पण त्यांना कळायला तर पाहिजे ना.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. डॉक्टरांच्या हिशोबाने काका पूर्ण डोस घेतायत आणि तरी फरक नाही. मग ते काय करणार? डोस वाढवणार. आणि एखाद्या दिवशी वॉर्डबॉय मामांनी समोर उभं राहून तो वाढलेला डोस खरंच गिळायला लावला तर? हे काकांना सरळ सांग, त्यांच्याच शरीराची गोष्ट आहे, त्यांना ठाऊक असायला पाहिजे. मग विचार, तुम्ही सांगता का डॉक्टरांना, मी शेजारी बसतो. हो म्हणाले तर बस. त्यांच्या वतीने बोलायला जाऊ नकोस. ते अडखळतील, वेळ लावतील, मधेच गावच्या जमिनीचं काढतील, काढू देत. कुणी तोडलं तर तेवढं म्हण, की काकांचं व्हायचंय अजून. नाही म्हणाले तर उद्या परत विचार.

सिस्टरवर रागावू नकोस हां. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर असतो, त्यांना मदत हवीय आणि तू समोर दिसतोस. त्यांना नीट सांग की सिस्टर, गोळ्या पटवणं माझं काम नाही, ते करायला लागलो तर उद्या माझ्याशी कुणी खरं बोलणार नाही. एकदा सांगून नाही कळणार. परत सांग.

गुपिताचं म्हणशील तर, जिवावर बेतणारं काही असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर ते पोटात ठेवायचं नाही, आणि सांगायला जाण्याआधी त्या माणसाला सांगायचं की हे मी आता सांगणार आहे. ही अट पहिल्या भेटीतच बोलून ठेवायची असते, तुमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नसेल तर त्या ट्रेनिंगचं काय करायचं मला कळत नाही. आणि रात्री दोनला तू एकट्याने कुणाची हेल्पलाइन बनू नकोस, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर त्यासाठीच आहे, तोही दे लोकांना.

आता मेसेजच्या शेवटी तू जे हळूच विचारलंयस, की काकांना सरळ सांगू का गोळ्या सोडून द्या म्हणून. नाही. तेही त्यांच्या वतीने ठरवणंच झालं, फक्त उलट्या बाजूने. हल्ली हे फार वाढलंय, स्वतःला काय मानवलं त्यावरून दुसऱ्याचं आयुष्य ठरवायचं. मी लिथियमची गोळी घेते, हात थरथरतो, भरलेला कप धरत नाही मी चार लोकांत, रक्त तपासत राहावं लागतं, आणि तरी घेते, कारण न घेता काय होतं ते मी बघितलंय आणि मीच ठरवलंय. माझ्या ग्रुपमधल्या एकीने डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करत आणलं, तिचं तिने ठरवलं. दोघींपैकी कुणाचंच काकांना लागू नाही.

तुला वाटेल ही बाई एकच तुणतुणं वाजवतेय. वाजवतेय. माझ्या बहिणीच्या लग्नात मला नेलं नव्हतं, गर्दीचा त्रास होईल म्हणून घरच्यांनी ठरवलं, आणि ते प्रेमानेच ठरवलं होतं याबद्दल मला आजही शंका नाही. मला विचारलं असतं तर मी कदाचित नकोच म्हटलं असतं. पण विचारलं नाही ना रे. नोकरीचा राजीनामा असाच माझ्या नावाने कुणीतरी दिला. शॉक दिले तेव्हा सही भावाची होती. आजाराने किती नेलं आणि न विचारण्याने किती नेलं याचा हिशोब मी अजून करत बसते कधीकधी, आणि दुसरी रक्कम मोठी निघते.

म्हणून २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आला तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर माझा नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह नेमला, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयात माझ्या बाजूने उभा राहणारा, मीच निवडलेला प्रतिनिधी. कलम १४. साध्या कागदावर लिहायचं आणि सही, सही येत नसेल तर अंगठा, स्टॅम्पपेपर लागत नाही. मी मैत्रिणीचं नाव लिहिलं. भावाचं नाही. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही, दिवाळीला वहिनी फोन करते आणि हा मागे टीव्हीचा आवाज मोठा करतो. लोक म्हणतात एवढं ताणायची काय गरज होती, त्यानेच तर तुझं सगळं केलं. केलं ना, मी कुठे नाही म्हणते? पण उद्या माझं डोकं पुन्हा फिरलं तर कलम ८९ खाली अॅडमिट करायचा अर्ज हा प्रतिनिधी करतो, दोन तज्ज्ञांनी तपासून ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं, आणि त्या ३० दिवसांत माझ्या शेजारी कोण असावं हे मी नाही ठरवायचं तर कुणी? मैत्रीण मला विचारते. भाऊ मला सांभाळतो. मला विचारणारं माणूस हवं होतं. आजही तेच नाव लिहीन.

काकांनी कुणाचं नाव दिलंय? त्यांना हा कागद माहीत तरी आहे का? आगाऊ निर्देशाचंही सांग, म्हणजे कुठले उपचार चालतील आणि कुठले नकोत हे बरं असताना लिहून ठेवायचं. इमर्जन्सीत तो लागू होत नाही हेही सांग, नाहीतर अर्धवट माहितीने माणूस आणखी चिडतो. आणि भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही, साखळीने बांधता येत नाही, हे कलम ९५. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा माणसं साखळ्यांनी बांधलेली होती म्हणून पळू शकली नाहीत, २८ जण गेले. या कलमाचा विषय निघाला की मला आधी तेच आठवतं.

तू म्हणतोस आपल्यासारख्यांचं कोण ऐकणार. अरे, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे दारू सुटलेला माणूस समुपदेशक होऊन दुसऱ्यासमोर बसतो आणि अख्ख्या महाराष्ट्राला त्याचं कौतुक आहे. दारुड्याचा अनुभव चालतो. आपल्या आजारांत मात्र अनुभव म्हणजे लक्षण. याच पुण्यात भार्गवी दवर यांनी १९९९ मध्ये मानसिक आरोग्यावर काम करणारा बापू ट्रस्ट काढला, स्वतःला सर्व्हायव्हर, म्हणजे यातून तगून आलेली, म्हणवत, आणि परवानगी मागत बसल्या नाहीत. कायद्याने तर आता जिल्ह्याच्या मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डावर, म्हणजे पेशंटच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावर, आपल्यातल्या माणसाला बसायची जागा ठेवलीय, आपण किंवा काळजीवाहक किंवा संस्थेचे लोक मिळून दोन जागा. त्या आपल्याकडे आपोआप येत नाहीत. अर्ज करावा लागतो, आणि तू पुढे तो करणार आहेस, आत्ताच सांगून ठेवते.

ऑक्टोबरच्या कार्यक्रमात तुला "स्टोरी" सांगायला बोलावलंय ना, जायचं तर जा, पण आधी विचार की वर्षभराचं नियोजन होतं त्या मीटिंगला बोलावणार का. मी एका संस्थेत हेच विचारत राहिले आणि शेवटी मला म्हणाले तुम्ही पेशंटना भडकवता. मग सोडली. कडू आहे ती बाई असं त्यांच्याकडे अजून म्हणतात, म्हणू देत. तिथे वॉर्डात एका आजींना संध्याकाळी खिडकीजवळ बसायचं होतं एवढंच, आणि ते शोधून काढायला आठवडा गेला कारण कुणी विचारलंच नव्हतं. याला भडकवणं म्हणत असतील तर भडकवते मी.

आणि मानधन. फक्त बसभाडं देतात आणि वर सेवा म्हणतात हे तू मेसेजमध्ये सहज लिहून गेलास, मला ते अजिबात सहज वाटलं नाही. त्या प्रोजेक्टमध्ये पगाराशिवाय काम करणारा तू सोडून दुसरा कोण आहे ते बघ. प्रोजेक्टवाल्यांना पत्र लिही, कामाचे तास, मानधन आणि गोळ्या पटवणं तुझ्या कामात येत नाही हे तिन्ही त्यात घाल, आणि एक प्रत अधीक्षकांना दे. सोमवारच्या राउंडआधी काकांशी बोल, पत्र नंतर केलंस तरी चालेल. मसुदा मला पाठव, आणि इंग्रजीत पाठवू नकोस, तिथे कुणी इंग्रजी पत्र शेवटपर्यंत वाचत नाही.

तुझी,
ताई