कुंडलिकेचं पाणी किती वाजता येतं?

प्रश्न: आम्ही पुण्याहून जानेवारीत दोन दिवस कोलाडला राफ्टिंगला जायचं म्हणतोय. सोबत आई (वय 62) आणि मुलगा (12) आहे, पोहता फक्त मलाच येतं. शनिवारी आरामात निघून दुपारी राफ्टिंग केलं तर चालेल का? आणि रिसॉर्टमध्ये नुसतं बसायचा कंटाळा येतो, आसपास बघण्यासारखं काय आहे?

— एक वाचक, पुणे

उत्तर: आरामात निघालात तर दगड बघून परत याल! आमचं एकदा अगदी हेच झालंय, उशिरा पोचलो तर नदीत घोट्याएवढं पाणी आणि पोरं खेकडे शोधत होती. पावसाळा सोडला तर कोलाडच्या कुंडलिका नदीत राफ्ट चालते ती भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर, आणि ते साधारण सकाळी सुटतं. म्हणून शुक्रवारीच उजेडात निघून मुक्कामाला या आणि उद्या किती वाजता, ते बुकिंगवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आता हे पाणी मूळचं कुठलं म्हणाल तर तुमच्याच बाजूचं. मुळा नदीचं पाणी मुळशीच्या धरणात अडवून बोगद्यातून नि पाइपांतून खाली भिऱ्याला आणतात, टाटांचं हे वीजघर 1927 पासून चालू आहे. धरण नसतं तर तेच पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं, आता ते कोकणात उतरतं. या धरणापायी मावळातली गावं बुडाली, 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातच तुरुंगात गेले. ताम्हिणीमार्गे येताना रस्त्यालगत मुळशीचा जलाशय दिसेल, तिथे पाच मिनिटं थांबून मुलाला हे सगळं सांगा, दुसऱ्या दिवशी त्याला नदी वेगळी दिसेल.

पण मुलाला राफ्टमध्ये बसवायचं मात्र विसरा. बहुतेक जण 14 वर्षांची अट ठेवतात, आणि 'दिसतो मोठा' म्हणून वय वाढवून सांगायचा मोह नको. आईंना बीपी, गुडघे, पाठ यातलं काही असेल तर त्यांनीही काठावरच बसलेलं बरं. पोहता येत नाही म्हणून बाकीच्यांनी घाबरू नका, साधारण बारा किलोमीटरचा टप्पा आहे आणि रॅपिड्स (खडकांवरून उसळत जाणारं पाणी) मध्यम. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा, हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळून घ्या. वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ सोडायची नाही, नाहीतर ती शेजारच्याच्या दातावर बसते (पाण्यापेक्षा याच जखमा जास्त होतात असं माझं मत). पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, आणि पायाखाली दगड लागला तरी उभं राहायचं नाही, पाऊल कपारीत अडकतं. चष्म्याला दोरी बांधा.

बघण्याचं म्हणाल तर माझं एकच सांगणं, हीच नदी धरून खाली जा. रोह्यात धावीर महाराजांचं देऊळ आहे, दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा तिला पोलिसांची सशस्त्र सलामी असते, जानेवारीत नुसतं दर्शन. पुढे नदी खाडी होऊन रेवदंडा आणि कोर्लईच्या मधून समुद्राला मिळते. पोर्तुगीज तिथून 1740 मध्ये गेले, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत अजून घरोघरी पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात, तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा, आणि बोलणारे हजाराच्या आसपासच उरलेत. तुमच्याशी ते मराठीतच बोलतील. तेव्हा लगेच मोबाइल पुढे करून 'बोलून दाखवा ना' करू नका, मासळी घेताना जरा रेंगाळा, आपसात बोलताना कानावर पडेलच.

कोलाडहून कोर्लईला दीड-दोन तास धरा. आईंना कोर्लईच्या किल्ल्याच्या पायऱ्या नको वाटल्या तर खाली दीपगृहापाशी बसवा, समुद्र तिथूनही छान दिसतो.