कोटाच्या ओढाताणीत शिट्टी

बाळा,

तुझी सात मिनिटांची फिल्म मोबाईलवर दोनदा पाहिली. मामा झकास जमलाय. पण तो घसरला की 'धप्प', डोळे वटारले की 'टुंईं', आणि वरून स्वतःच ओरडतो, "पडलो रे बाप्पा!" एका पडण्याला तीन साक्षीदार कशाला?

बोलपट नवा होता तेव्हा हाच आजार होता. रेने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाला तर सुरुवातीला बोलपटाची धास्तीच होती. १९२९ साली लंडनला त्यानं नवे बोलपट पाहिले. त्यातल्या एका अमेरिकी चित्रपटातली एकच जागा त्याला फार भावली. खिडकीतल्या बाईचा चेहरा दिसतो. दार आपटून मोटार निघून गेल्याचं नुसतं ऐकू येतं. मोटार दाखवतच नाहीत.

मग १९३१ मध्ये त्यानं 'ल मिलियाँ' केला. लॉटरीचं तिकीट जुन्या कोटाच्या खिशात, आणि कोट या हातातून त्या हातात. ऑपेराच्या थिएटरात त्या कोटासाठी झोंबाझोंबी लागते, तेव्हा वर ऐकू येतो रग्बीच्या सामन्याचा गलका आणि शिट्टी. मैदान कुठेच नाही, कोटाचाच चेंडू! तिथंच रुसलेलं जोडपं स्टेजवरच्या देखाव्यामागे अडकतं. पुढे गायक-गायिका प्रेमगीत गातात आणि त्यातच यांचा रुसवा जातो. यांच्या वाटचं सगळं गाणारेच बोलून टाकतात.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मला हे फुकट शिकायला मिळालं होतं. पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी दुपारी मांडवात रात्रीच्या नाटकाची तालीम चालली होती. दोन भाऊ एका धोतरासाठी ओढाताण करतात, असा प्रवेश. आठ दिवस बसवूनही कोणी हसेना. तेवढ्यात पटाच्या दानीवरून, म्हणजे बैल धावतात त्या पट्टीवरून, भोंगा कडाडला, "सुटली, सुटली जोडी!" पेटीवाला हसून हसून पेटीवरच आडवा झाला. रात्री मी विंगेतल्या पोट्ट्याला तेच ओरडायला लावलं. पण हौस म्हणून सोबत ढोलकीही वाजवायला सांगितली, आणि माती केली. लोकांना ना जोडी ऐकू आली ना ढोलकी.

तुझे तिन्ही आवाज काढ. मागे पिठाच्या चक्कीची पुकपुक आलीय ना, ती राहू दे. मामा पडला की तेवढी बंद कर. मग पाठव. माझं धान चुरून झालंय, आता वेळच वेळ आहे.

तुझा,
काका