अण्णांची पाकिटं फेकू नका

प्रश्न : माझे सासरे मागच्या वर्षी गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चाळीस वर्षं ते नाणी जमवत होते. कपाटात तीन अल्बम, एक पत्र्याचा डबा आणि दीडेकशे लहान कागदी पाकिटं निघाली. पाकिटांवर त्यांच्या अक्षरात वर्ष, वजन आणि खाली कोपऱ्यात ‘रमस’ किंवा ‘गकक’ असलं काहीतरी निरर्थक लिहिलंय. घरात कुणालाच यातलं कळत नाही. धाकट्या दिरांना त्यांचा वाटा रोख हवाय. एक व्यापारी येऊन दहा मिनिटांत सगळं चाळून गेला. म्हणाला, “एकरकमी आकडा सांगतो, आजच उचलतो.” दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की सगळं नको, पहिल्या अल्बममधली पाच नाणीच द्या. बरीच नाणी काळी पडलीत. ती घासून, पाकिटं काढून नव्या अल्बमात लावावीत असं मनात आहे. किंमत कशी काढायची आणि विकायची कुणाला?

उत्तर : ताई, घासायला घेतली असतील तर हातातलं तिथेच ठेवा. विशीत असताना मी एक चांदीचं नाणं टूथपेस्ट लावून आरशासारखं केलं होतं. ज्यांच्याकडे मोठ्या अभिमानाने घेऊन गेलो, त्या जुन्या संग्राहकांनी ते दिव्याखाली तिरपं धरलं. त्यावरचे बारीक ओरखडे मला दाखवले आणि म्हणाले, “आता हे वजनावर विका.” चांदीवरचा काळेपणा हा वर्षानुवर्षं बसलेला पातळ थर असतो. खालचा पृष्ठभाग मूळचा आहे याची ती एक खूण असते आणि जाणकार तिचे पैसे मोजतात. हिरवट, चिकट काही दिसलं तर मात्र तो अल्बमच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकचा प्रताप. अशी नाणी आजच बाहेर काढा, पण पुसू नका.

आता पाकिटांकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. कोपऱ्यातलं ‘रमस’ निरर्थक नाही. तो बहुधा खरेदीचा भाव आहे. दुकानदार आणि संग्राहक अशी सांकेतिक लिपी वापरतात. एकही अक्षर दोनदा न येणारा दहा अक्षरी शब्द किंवा लहानसं वाक्य मनात धरायचं. पहिलं अक्षर १, दुसरं २, असं करत दहावं शून्य. समोरच्याला पाकीट दाखवलं तरी आपण कितीला घेतलं ते कळत नाही. अण्णांची वही, जुन्या पावत्या, पत्रं शोधा. एखाद्या पावतीवरचा आकडा एखाद्या पाकिटाशी जुळला की तीन अक्षरं सुटली, असे तीन-चार जुळले की पूर्ण किल्ली हातात. (हे लिहिताना जाणवलं, की माझ्या पाकिटांची किल्ली घरात कुणालाच ठाऊक नाही. आज रात्री बायकोला सांगायला हवी.)

खरेदीचा भाव म्हणजे आजची किंमत नव्हे, हे उघड आहे. पण अण्णांनी कशासाठी हात सैल सोडला हे त्यातून कळतं. ज्या पाकिटावर इतरांच्या वीसपट आकडा असेल, ते नाणं त्या व्यापाऱ्याने मागितलेल्या पाचांत आहे का बघा. असेल तर तो दहा मिनिटांत काय पाहून गेला ते समजेल. साय काढून घ्यायची आणि पातळ दूध तुमच्याकडे ठेवायचं, असा तो बेत. सगळा संग्रह एका दमात देणं वाईट नसतं, पण पाच निवडून देणं जवळजवळ नेहमीच वाईट.

तेव्हा आधी यादी. टेबलावर मऊ कापड पसरा, नाणं फक्त कडेला धरा आणि एका वेळी एकच पाकीट उघडा, म्हणजे नाणी आणि पाकिटं एकमेकांत मिसळणार नाहीत. दोन्ही बाजूंचा आणि जमल्यास कडेचा फोटो, शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन, आणि पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा. वजन कंटाळवाणं वाटेल, पण तेच सगळ्यात आधी बोलतं. सॉव्हरीन हे इंग्रजी सोन्याचं नाणं ७.९८ ग्रॅमचं, व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडं कमी भरेल, त्याचं काही नाही. पण चांगलं उठावदार दिसणारं नाणं ग्रॅमभर हलकं निघालं तर ते बनावट असू शकतं, बाजूला ठेवा. तसंच कडेवर मधोमध शिवण दिसली तर ते ठशाखाली पाडलेलं नसून साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली, असण्याची शक्यता मोठी.

वर्ष वाचून मात्र हुरळू नका आणि निराशही होऊ नका. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली तांब्याची नाणी सोळाशे-सतराशे वर्षांची, तरी साधी झिजलेली अगदी स्वस्तात मिळतात, कारण ती जमिनीतून ढिगांनी निघाली. उलट १८९३ सालचा अमेरिकन मॉर्गन डॉलर घ्या. पाठीमागे बारीक ‘एस’ असेल तर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा, आणि त्या वर्षी तिथे फक्त १,००,००० पडले. त्या एका अक्षरासाठी लोक इतके पैसे मोजतात, की भामटे साध्या डॉलरवर ‘एस’ चिकटवतात. व्हिक्टोरियाच्या रुपयावरचं १८६२ हे वर्षही फसवं. पुढची नाणीही त्याच वर्षाने १८७४ पर्यंत पडत राहिली, त्यामुळे फरक बारीक ठिपक्यांत शोधावा लागतो. म्हणून यादीत खुणा, अक्षरं, ठिपके सगळं टिपा, अर्थ लागो न लागो.

मग किंमत. तुम्ही ‘किंमत’ म्हणता तेव्हा कुठली, हे आधी घरात ठरवा. विम्यासाठीचा आकडा वेगळा, वाटणीसाठीचा वेगळा आणि उद्या हातात पडणारे पैसे आणखी वेगळे. दीर आणि तुमचे यजमान दोघांनीही एकच आकडा मनात धरून बोलायला हवं, नाहीतर भांडण नाण्यांवरून नाही, शब्दावरून होईल. कॅटलॉगमधला भाव हा दुकानदाराच्या मनातला भाव समजा. खरं काय ते लिलावात प्रत्यक्ष किती बोली लागली त्यावरून कळतं आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे असे निकाल पाहता येतात. फक्त तुलना करताना प्रत, म्हणजे नाणं किती झिजलंय किंवा टिकलंय तो दर्जा, तीच हवी. १९४९ मध्ये अमेरिकन नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डनने त्यासाठी १ ते ७० असं मोजमाप मांडलं, तेच आज जगभर चालतं. त्यावर वरच्या टोकाला दोन-तीन अंकांचा फरकही भाव कुठल्या कुठे नेतो. नाणी तपासून प्लास्टिकच्या कुपीत बंद करून देणाऱ्या संस्था आहेत. त्यांची फी लागते, म्हणून सगळी पाठवू नका. यादीतून वर आलेली आठ-दहाच.

विकायचं कुणाला? चांगली वीसेक नाणी लिलावाला, उरलेली सगळी एकत्र व्यापाऱ्याला, असं मी करेन. लिलावात महिने जातात, कमिशन कापलं जातं. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणं द्यायचं नाही ती, लेखी ठरवा आणि बोली लागली नाही तर काय आकारणार तेही विचारून घ्या. व्यापारी लगेच पैसे देतो, पण कमी देतो. त्याला नाणी वर्षानुवर्षं सांभाळावी लागतात, त्यामुळे त्यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. निदान तिघांना तीच छापील यादी दाखवा आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका. जुनी नाणी परदेशी पाठवण्यावर बऱ्याच देशांत बंधनं आहेत, तिकडचं गिऱ्हाईक आलं तर आधी कायदा विचारा. दिरांना घाई असेल तर डब्यातली साधी नाणी आधी विकून त्यांना उचल द्या. अल्बमला हात लावू नका.

प्रश्न : माझ्याकडच्या एका जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, असा मोबाइलवर संदेश आला. आधी नोंदणीचे थोडे पैसे भरायला सांगतात. भरू का?

उत्तर : नको. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

प्रश्न : आजीच्या पेटीत चांदीचं मोठं नाणं मिळालं. एका बाजूला जाडसर राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि वर्ष १७८०. एवढं जुनं म्हणजे संग्रहालयात द्यावं का?

उत्तर : थांबा. ती ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा. १७८० हे तिच्या मृत्यूचं वर्ष. पण ते नाणं व्यापारात इतकं चालायचं, की तेच वर्ष घालून पुढे व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये, अगदी मुंबईच्या टाकसाळीतही पाडलं गेलं, आणि व्हिएन्नात अजून पाडतात. म्हणजे तुमचं नाणं १७८० चं असण्यापेक्षा विसाव्या शतकातलं असण्याचा संभव जास्त. २८.०७ ग्रॅम वजन आणि ८३.३ टक्के चांदी, एवढ्याची खात्री बाळगा. गरुडाच्या पिसांच्या संख्येवरून आणि अक्षरांमधल्या ठिपक्यांवरून टाकसाळ ओळखणारे लोक आहेत, त्यांना फोटो दाखवा. आणि वर कडेला झाळल्याचा डाग आहे का बघा. आजीने गळ्यात घालायला कडी लावून घेतली असेल तर संग्राहक ते घेणार नाही. मग ते आजीचं म्हणूनच ठेवा.