बंब काढून हीट पंप बसवावा का?

सांगलीत गावभागात जुनं घर, सहा माणसं, अंघोळीला अजून लाकडाचा बंब. तो काढून हीट पंप घ्यावा का, थंडीत पाणी तापेल का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. आमच्याकडे विश्रामबागला बंब गेला तो आईच्या दम्यामुळे. पहाटे चिपाडं पेटवली की न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत धूर, आणि बंबाशी रोज तीच बसलेली.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता कॉम्प्रेसरने ओढायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला कॉइलच्या गीझरला साधारण ७ युनिट लागतात. हीट पंप तेच काम अडीचच्या आसपास उरकतो. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे चढत जातो, म्हणून मोठ्या कुटुंबाला हा फरक बिलात लगेच दिसतो. दोघंच राहत असतील तर मी हे सुचवणार नाही, छोटा गीझर पुरतो.

थंडीची काळजी नको. या यंत्राची खरी दमछाक होते ती पारा शून्याजवळ गेल्यावर. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी हवा तिशीच्या आसपास असते. म्हणून टायमर पहाटेचा नको, दुपारी १२ ते ३ चा लावा. हवा जेवढी उबदार तेवढी वीज कमी, आणि टाकीला पफचं (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं) जाड अस्तर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी थोडंच उतरतं. घरात पाहुणे असले तर मात्र आधी विचार करावा लागतो, कारण टाकी पुन्हा तापायला दोन-अडीच तास जातात. सोलर हीटर पावसाळ्यात ढगांपुढे हात टेकतो. याला ऊन लागतच नाही.

गावभागात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. बसवणारा म्हणेल, न्हाणीमागे अंगणात ठेवू, पाइप कमी लागेल. अजिबात ऐकू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कॉम्प्रेसर आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड पुरात बुडालं की सगळा खर्च पाण्यात. स्लॅबवरच चढवा. भरलेली टाकी अडीचशे किलोच्या घरात जाते, तेव्हा ती बीमवर येईल असं बघा. घर माळवदाचं असेल तर जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरून खाली येणाऱ्या गरम पाइपला फोमचं आवरण हवंच, नाहीतर पाणी वाटेतच कोमट होतं. वायरिंग जुनं असणार; वेगळी लाइन ओढा आणि अर्थिंग तपासून घ्या.

बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकीला गंजापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा दांडा लवकर झिजतो, तो वेळेवर बदलावा लागतो. पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं विचाराच: दांडा बदलायला, गॅस भरायला माणूस सांगलीतलाच येणार, की पुण्याहून येईपर्यंत वाट बघायची?