तिच्या दादाला काय सांगायचं?

"मॅडम, तिच्या दादाला यातलं काही कळू द्यायचं नाहीये. तो अजून लहान आहे."

मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजल्यावर माझ्याकडे येणारे बहुतेक आई-वडील हे म्हणतात. ही आईही तेच म्हणाली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी नऊ वर्षांची, दादा तेरा वर्षांचा. नोकरी शोधायला आलेला आईचा आतेभाऊ त्यांच्याकडे राहत होता. मुलं त्याला मामा म्हणायची. लेकीने आईला सांगितलं, आईने लगेच विश्वास ठेवला आणि तक्रार दिली. पॉक्सो कायद्यानुसार (लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा) अत्याचार झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा जबाब घरी घेता येतो, म्हणून साध्या वेशातल्या महिला अधिकारी घरी आल्या. तेवढा वेळ दादाला शेजारी टीव्ही बघायला पाठवलं होतं.

तो परत आला तर मामाची बॅग नाही, चपला नाहीत, आईचे डोळे सुजलेले आणि बाबा कामावर न जाता घरी. एवढं दिसूनही तेरा वर्षांच्या पोराला काही कळणार नाही, असं घरातल्यांना वाटत होतं! त्याला सगळं दिसत होतं, सांगत मात्र कोणी नव्हतं. मग उरलेलं त्याने मनानेच भरून काढलं.

पुढच्या महिन्याभरात त्याने वर्गात एकाला मारलं, क्रिकेट सोडलं. बहीण अंघोळीला गेली की बाथरूमबाहेर उभा राहायचा. बाबा म्हणाले, "वयात येतोय." आई रडकुंडीला आली होती. "तिच्याकडे बघू की याच्याकडे?"

दादाला सांगायचंच, हे मी स्पष्ट म्हटलं. पण त्याआधी लेकीला विचारायचं, कारण गोष्ट तिची आहे. आईने विचारल्यावर ती म्हणाली, "सांग. पण काय काय केलं ते नको सांगू." इतकी नेमकी मर्यादा मोठ्यांनाही घालता येत नाही. मग आई-बाबांनी मिळून दादाला सांगितलं: "मामाने तिच्या अंगाला जिथे हात लावायचा नसतो तिथे लावला. तिने आम्हाला सांगितलं, ते बरं केलं. आम्ही पोलिसांना कळवलंय. चूक फक्त मामाची आहे. बाकीचं तिचं तिच्याजवळ, तू तिला खोदून विचारायचं नाहीस. आम्हाला काहीही विचार."

आणखी एक प्रश्न मी त्यांना आवर्जून विचारायला लावला: "तुझ्याशी तो कधी असं वागला का?" मुलगा आहे म्हणून हा प्रश्न राहून जातो. पॉक्सो मुलग्यांनाही लागू आहे. एकदा शांतपणे विचारायचं आणि थांबायचं. रोज चौकशी करायची नाही, की दोघांच्या बोलण्याचा ताळा जुळवत बसायचं नाही. दादाही त्या घरातच होता, उद्या त्याचा जबाब घेतला जाऊ शकतो. त्याच्या तोंडी आपले शब्द जायला नकोत.

त्याच्याशी तसं काही घडलं नव्हतं. माझ्याकडे आला तेव्हा तो स्केचपेनांची टोपणं काढून मुद्दाम चुकीच्या रंगांना लावत बसला होता. हिरव्याला लाल, लालला जांभळं. खाली बघतच म्हणाला, "मोबाईल तो मलाच द्यायचा. मी बाहेर गेम खेळत बसायचो."

अशा वेळी "तुझी काही चूक नाही रे" हे वाक्य जिभेवर येतं. पण मुलाला ते समजूत काढल्यासारखं वाटतं. मी विचारलं, "मोबाईल द्यायचं कोणाच्या डोक्यातलं?"

"त्याच्या."

"कशासाठी देत असेल?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "मी बाहेरच बसावं म्हणून." ते त्याचं त्याला उमगलं, म्हणून टिकलं. अत्याचार करणारा पुष्कळदा घरातल्या सगळ्यांचाच विश्वास कमावतो. भावंडाला खाऊ किंवा मोबाईल देणं हाही त्याच्या बेताचा भाग असतो, हे मी आई-बाबांनाही सांगितलं. त्याला घरात ठेवून घेतलं म्हणून आई स्वतःला कोसत होती, तिलाही ते ऐकायचं होतं.

बाथरूमबाहेरच्या पहाऱ्याचं कारण मात्र बाबांकडे निघालं. "आता बहिणीची राखण तुझ्यावर," असं ते त्याला म्हणाले होते. प्रेमाने म्हणाले असतील, पण पोराच्या डोक्यावर केवढं ओझं! आणि बहिणीला शेजारी जायचं तरी मागे दादा. मी बाबांना ते शब्द उघडपणे परत घ्यायला लावले. ते म्हणाले, "राखण माझं आणि आईचं काम. तू प्रॅक्टिसला जा."

दादाचा एक रागही होता आणि तो रास्त होता: "तिला कोणी काहीच बोलत नाही!" खरंच, लेकीला अभ्यास माफ, पसारा माफ. तिलाही ते आवडत नव्हतं, आपण आजारी असल्यासारखं वाटायचं. मग दोघांना पुन्हा सारखेच नियम आले. शिवाय रोज थोडा वेळ दादाचा एकट्याचा ठरला, त्यात केसबद्दल बोलायचं नाही.

माहेरचे फोन सुरूच होते. "घरातली गोष्ट घरात मिटवा." आईला मी एकच उत्तर दिलं: असा गुन्हा समजल्यावर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मुलीची ओळख बाहेर फोडायलाही बंदी आहे, तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर चर्चा नको. तपास आणि खटल्याच्या काळात मुलीला साथ देणारी सहाय्यक व्यक्ती बालकल्याण समितीकडून (मुलांच्या संरक्षणासाठीची सरकारी समिती) मिळते, ती त्यांनी मागून घेतली. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

खटला चालू आहे. तारखांबद्दल दादाने एवढंच विचारलं होतं, की त्या दिवशी शाळेतून आल्यावर घरी कोण असेल. आता तारीख असली की आत्या येते. तिलाही, लेकीची परवानगी घेऊन, दादाला सांगितलं तेवढंच सांगितलंय.