बाण कुठे लागला ते खरं सांग

चि. यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. यंदा सप्टेंबरपासून आमच्याबरोबर इथे विस्कॉन्सिनच्या रानात धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीला यायचं म्हणतोस, याचा मनापासून आनंद झाला. व्याह्यांना सांगितलं, तर त्यांनी लगेच ओढ्याकाठच्या ओकवरची मचाणाची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली. धनुष्य किती पौंडाचं घेऊ, बाण कुठले, बूट कुठले, असं तू विचारलंस. ते सगळं सांगते. पण दुकानात कुणी सांगणार नाही ते आधी सांगते, कारण या कुटुंबाबरोबर शिकार करायची तर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

तुझा बाण सुटेल, हरीण उधळेल आणि थोड्या वेळाने आमच्यापैकी कुणीतरी तुझ्या झाडाखाली येऊन विचारेल, "कुठे लागला?" त्या प्रश्नाचं उत्तर जसं दिसलं तसं दे. दिसलंच नसेल तर "दिसलं नाही" म्हण. "चांगला लागला असावा" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस. त्या वाक्यात खोटेपणा नसतो, आशा असते, आणि त्या आशेपायी हरीण हातचं जातं.

कारण सांगते. गोळीचा धक्का मोठा असतो, बाणाला तसला धक्का नाही. दाढीच्या पात्याइतकं धारदार ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पातं, आरपार जातं आणि प्राण जातो तो रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून गेलं तर हरीण शंभरेक यार्ड धावून काही सेकंदांत पडतं. तरीही आपण अर्धा तास जागचं हलायचं नाही. यकृताला लागलं तर चार ते सहा तास थांबायचं. पोटात लागलं तर आठ ते बारा. पोटात लागलेलं हरीण सहसा जवळच एखाद्या झुडपात जाऊन बसतं. कुणी मागे आलं नाही, तर तिथेच मरतं. तुम्ही घाईने गेलात तर ते उठतं, आणि उठलेलं हरीण रक्ताचा थेंब न सांडता मैलभर जातं. मग ते ना तुला मिळतं, ना त्याला सुखाचं मरण मिळतं. किती थांबायचं हे ठरतं फक्त तुझ्या सांगण्यावरून. तिथे दुसरा साक्षीदार कुणी नसतो.

जावयाची एक गोष्ट सांगते. ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ, अंधार पडायला आलेला. बाण सुटायच्या क्षणी मादीने एक पाऊल पुढे टाकलं. जावई खाली उतरला, व्याह्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मागे लागला. पोटात. ती पाठीची कमान करून हळूहळू गेली." एवढंच. आम्ही बाण शोधला. त्यावर हिरवट मळ होता आणि वास ओळखू येत होता. रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास राहणार होता, पावसाचं चिन्ह नव्हतं. सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. उजाडल्यावर माग काढला, तर दीडेकशे यार्डांवर बसल्या जागीच ती मेलेली सापडली, थंडीमुळे मांसही चांगलं राहिलेलं. त्याने लाजेपायी "फुप्फुसात लागला" म्हटलं असतं, तर आम्ही रात्रीच टॉर्च घेऊन गेलो असतो आणि तिला उठवून शेजाऱ्याच्या रानात, कायमचं हरवलं असतं. जावई म्हणून त्याचं मला कौतुक होतंच, त्या दिवसापासून माणूस म्हणून जास्त वाटायला लागलं.

म्हणून बाण सुटला की आधी बसून राहा आणि तीन गोष्टी मनात पक्क्या कर: हरीण कुठे उभं होतं, बाण लागल्यावर कसं वागलं, शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं. मागचे पाय झाडून सुसाट पळालं तर बहुधा छातीत लागलेलं असतं. पाठ वाकवून चालत गेलं तर पोटात. मग बाण. गुलाबी, बुडबुडे असलेलं रक्त फुप्फुसाचं. गर्द लाल यकृताचं असू शकतं. हिरवट-तपकिरी आणि घाण वास म्हणजे पोट. माग काढताना एकानेच पुढे जायचं, रक्ताच्या रेषेवरून नाही, तिच्या कडेने. दुसऱ्याने शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं. आमच्याकडे पुढे व्याही असतात आणि त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. माग शेजाऱ्याच्या हद्दीत गेला तर त्याला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही. इथे कायदाही तसाच आहे.

आता धनुष्य. दोरी मागे ओढायला जो जोर लागतो तो पौंडांत मोजतात. विस्कॉन्सिनमध्ये कायद्याने किमान 30 पौंड लागतात. मी 45 चं वापरते आणि मला ते पुरतं. तुझे मित्र 70 च्या गप्पा मारतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. थंडीने आखडलेल्या खांद्यांनी, जाड जॅकेट घालून, बसल्या जागेवरून, धनुष्य आभाळाकडे न नेता जे सरळ मागे ओढता येतं, तेवढ्या पौंडांचं धनुष्य तुझं. कंपाउंड नावाच्या धनुष्यात टोकांवरच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर भार उतरतो. 80 टक्के उतरणारं 60 पौंडी धनुष्य धरून ठेवायला 12 पौंडच लागतात. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि माझ्यासारख्या बाईलाही हरीण वळेपर्यंत ओढलेलं धरून थांबणं शक्य झालं.

सराव रोज कर, थोडाच कर. मी नव्या मुलांना एकच बाण मारायला सांगते: सकाळी, हात गरम न करता, पहिला. रानात मिळतो तो तोच. सप्टेंबरच्या आधी ब्रॉडहेड लावूनच नेम तपासून घे. सरावाच्या टोकांनी जिथे लागतं तिथे ब्रॉडहेडने लागेलच असं नाही.

अंतराचा हिशेब जरा नीट समजून घे. आवाज सेकंदाला साधारण 1,100 फूट जातो आणि चांगल्या कंपाउंडचा बाण 280 फुटांच्या आसपास. म्हणजे दोरीचा आवाज हरणाला आधी ऐकू येतो. वीस यार्डांवर आवाज पोचल्यानंतर बाण पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, चाळीस यार्डांवर तिसरा. तेवढ्यात सावध व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, उडी घ्यायला पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण वरून निघून जातो, नाहीतर भलत्या ठिकाणी लागतो. तुझा नेम चाळीसवर अचूक असेलही. हरीण काय करेल ते तुझ्या नेमावर अवलंबून नाही. पहिल्या वर्षी वीस यार्डांच्या पुढे बाण सोडायचा नाही, ही माझी अट समज. आणि हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच. समोरून तोंड करून उभं असेल तर बघत राहा. खूप वेळा नुसतं बघतच राहावं लागेल, आणि संध्याकाळी घरी येऊन "तीन आली, एकही नीट उभं राहिलं नाही, सोडून दिली" म्हणालास तर विहीणबाई तुला दुप्पट वाढतील. या घरात त्याला मान आहे.

मचाणावर चढताना जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीवर येईपर्यंत हार्नेस, म्हणजे पडू न देणारा पट्टा, अंगात आणि दोरीला अडकवलेला. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही. वर बसून दोरीने ओढून घ्यायचं. यावर चर्चा नाही.

वाऱ्याबद्दल मात्र पानंच्या पानं लिहिता येतील. सॉक काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, हा भाग टेकड्या-घळींचा आहे. पहाटे गार हवा घळीतून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. हवामानाच्या ॲपमध्ये "वायव्येचा वारा" दिसेल आणि तुझा वास प्रत्यक्षात ओढ्यावरच्या हरणांकडे उतरत असेल. शेताच्या कडेला मिल्कवीडच्या शेंगा मिळतात. ते आपल्या रुईच्याच कुळातलं झाड. लहानपणी ज्या म्हाताऱ्या पकडायला आपण धावायचो, तसाच कापूस त्यात असतो. खिशात दोन शेंगा ठेव, दर थोड्या वेळाने एक म्हातारी सोड आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघ. ती कधी वीस यार्ड सरळ जाते आणि मग एकदम वळून टेकडी चढते. ती वळण घेते तिथे तुझा वासही वळतो. व्याही याच अभ्यासावर मचाणाची झाडं निवडतात, आणि वारा चुकीचा असेल तर हंगामातली सर्वांत चांगली संध्याकाळसुद्धा घरी बसून घालवतात.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. सप्टेंबरमध्ये डास आणि उकाडा. हरीण मिळालं तर मांस लगेच गार करावं लागतं, म्हणून गरम संध्याकाळी शंका असेल तर बाण सोडूच नकोस. रात्रभर थांबायची मुभा तेव्हा नसते. ऑक्टोबरमध्ये ओकची फळं. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे नर माद्यांच्या मागे भरदिवसा हिंडतात, त्या दिवसांत आम्ही सगळेच रजा काढतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्यात धनुष्यवाल्यांनीही भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायचं. डिसेंबर कडक असतो, आणि मला सगळ्यांत तोच आवडतो.

तू 1973 नंतर जन्मलेला, म्हणजे तुला शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घ्यावं लागेल. नसेल तर हाताच्या अंतरावर अनुभवी माणूस बसवून जाता येतं, पण तू अभ्यासक्रमच कर. याच सॉक आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत 1934 मध्ये अमेरिकेतला आधुनिक काळातला धनुष्याचा पहिला स्वतंत्र हंगाम झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक धनुष्य वापरत होते, हेही लक्षात असू दे. तू घेशील त्या धनुष्याच्या किमतीत 11 टक्के केंद्रीय कर असतो. बंदुकांवरच्या अशा कराचा पैसा 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवला, 1972 मध्ये तो कर धनुष्यांनाही लागू करायचं ठरलं, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. त्याच 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. दोन्ही देशांनी आपापल्या रानाची स्थिती पाहून वेगवेगळा रस्ता घेतला आणि मला दोन्ही बरोबर वाटतात. म्हणून गावी जाशील तेव्हा चुलतभावांना फोटो दाखवून चेव आणू नकोस. तिकडे तो गुन्हा आहे आणि गुन्हाच असायला हवा.

हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंदणी. मग डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला. हा मेंदूचा रोग इथल्या रानटी हरणांत 2002 मध्ये सापडला. तपासणी मोफत असते. निकाल येईपर्यंत मांस नाव घालून फ्रीझरमध्ये, आणि रोग निघाला तर सगळं टाकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. निकाल चांगला आला की वाटे होतात. आजोळी कोकणात वाटे घालताना जसा कुणाचा हिस्सा विसरत नसत, तसंच इथे आहे: ज्याच्या शेतातून ट्रक नेला त्याचा, माग काढायला आलेल्याचा, म्हाताऱ्या शेजारीणबाईंचा. बाण मारणाऱ्याला काही जास्त मिळत नाही. हरणाची चरबी मेणासारखी तोंडाला चिकटते, ती सगळी काढायला विहीणबाई शिकवतील. मांडीचं सुकं मालवणी मसाल्यात करायला मी शिकवेन.

शेवटचं, तू भीतभीत विचारलेलं: आईला कधी सांगू? आधी. पहिलं हरीण मिळाल्यावर नाही, धनुष्य घेण्याच्याही आधी. ती रागावेल, कदाचित रडेल, "आपल्या घरात हे कधी झालं नाही" म्हणेल. तिला पटवायच्या मागे लागू नकोस. काय करणार आहेस, कुणाबरोबर, का, ते सरळ सांग. तिने मला फोन केला तर मी बोलेन, पण तुझ्याऐवजी सांगणार नाही.

ऑगस्टचा पहिला शनिवार मोकळा ठेव. मचाणं बसवायची आहेत, ओढ्याकाठच्या वाटा साफ करायच्या आहेत. जाड हातमोजे आण आणि तुझा स्वतःचा हार्नेस. उसना हार्नेस कुणी देणार नाही. आईशी बोलणं झालं की कळव, मग व्याह्यांना सांगते.

तुझी,
मावशी