‘ह्यांना पटतच नाही हो!’

“मॅडम, ह्यांना मंत्रचळ आहे हे ह्यांना सोडून सगळ्यांना कळतं. कसं समजवायचं?” ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ (नको ते विचार सतत येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) असलेल्यांच्या घरून हा प्रश्न मला सतत येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या वेळी विचारणाऱ्या बाईंचा नवरा शेजारीच बसला होता. बाहेर पडताना दहा-बारा वेळा कुलूप ओढून बघायचे. हल्ली मोबाइलवर कुलपाचा फोटो काढायचे आणि अर्ध्या वाटेत ‘हा कालचा तर नाही?’ म्हणून माघारी. “मी काळजी घेतो. बाकीचे बेफिकीर आहेत,” इति ते.

पहिल्या भेटीत मी चोरीची शक्यता किती कमी, यावर वाद घालत बसले. चुकलंच माझं. माझ्या प्रत्येक मुद्द्याला त्यांचं एक ‘पण समजा’ तयार. पुढच्या वेळी नुसतं विचारलं, “दार आत्ता उघडं आहे, लावता पैज?”

ते हसले. “छे! बंदच असणार.”

“मग परत कशाला जाता?”

बराच वेळ गप्प. मग हळूच, “नाही गेलो तर छातीतली धडधड थांबत नाही.”

हे मी सांगून पटलं नसतं.

मग एक वही दिली. दार उघडं राहिल्याची शक्यता शंभरात किती वाटते, ते लिहायचं. माझ्यासमोर २, जिन्यात ७०! आपली भीती खरी नाही, हे भान असं वर-खाली होतं. त्यामुळे ‘कळतं तरी मुद्दाम करतात’ हा घरच्यांचा राग समजू शकतो, पण तो चुकीच्या जागी आहे. २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेतही रुग्णाचं हे भान चांगलं, कमी की अजिबात नाही, याची नोंद करायला सांगितलंय. ते फारच कमी असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकर पाठवते. औषधांचा पुरेसा गुण यायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात, हेही आधीच सांगते.

पुढे सराव. कुलूप एकदाच, फोटो नाही, खाली थांबून दर पाच मिनिटांनी धडधडीला आकडा द्यायचा. ८०, ८०, ६५, ४०.

“आपोआप उतरते?” त्यांचा संशय कायम!

‘लावलं ना गं मी?’ याला बाई रोज वीसदा ‘हो’ म्हणायच्या. आता दोघांनी मिळून ठरवलेलं उत्तर देतात, “वहीत लिहा.” पहिले काही दिवस भांडणं झाली.

गेल्या भेटीला दहा मिनिटं उशिरा आले. वाटेतून एकदा परत फिरले होते. वहीत तशी नोंद होती, मी विचारायच्या आधीच.